रत्नपालने हलवलेली पाच यंत्रे

आमच्या शिक्षण संस्थेच्या हिंगोलीच्या कार्यालयात रत्नपाल १९९८ साली संगणकावर बसायला आला, तेव्हा मी तिथे अधीक्षक होतो. कार्यालयात एकच संगणक होता आणि त्यावर प्लास्टिकचे आवरण असे. रत्नपालने पहिल्या दिवशी ते आवरण काढले, घडी करून कपाटात ठेवले आणि पुन्हा कधी घातले नाही.

संस्थेने चालवायला घेतलेल्या चार जुन्या शाळांची निजामाच्या काळातली, मुलांच्या प्रवेशाची दाखल-खारीज रजिस्टरे आमच्याकडे होती. जातीच्या दाखल्यासाठी १९५०च्या आधीचा पुरावा म्हणून लोक त्यांचे उतारे मागत. पण सगळे उर्दूत, वाचणार कोण? शेवटी निवृत्त शिक्षक गुलाबसिंग गुरुजी मिळाले. ते दुपारी येऊन भिंग लावून वाचत, रत्नपाल मराठीत टाईप करी. असे सहा वर्षे चालले.

एकदा गुरुजींनी वाचले, "रामजी वल्द सटवा, साकिन गोरेगाव," आणि मनात 'सटवाचा मुलगा रामजी, राहणार गोरेगाव' असे मराठी करता करता रत्नपालचे हात थांबले.

"गुरुजी, फिरून वाचा बरं. माहा आजा हाय तो."

"मग टाईप कर ना बेटा. आजा निघाला म्हणून काय उभा राहणार आहेस?"

रत्नपाल खरोखरच उभा राहिला होता. सगळे हसले. आजा शाळेत एकच वर्ष गेला, हे त्याने घरी ऐकले होते. लिहिलेले प्रथमच पाहत होता. त्या उताऱ्याची छापील प्रत मात्र त्याने काढली नाही. म्हणाला, "आता कुठं जातोय? मशिनीत बसला हाय."

गुरुजी २००५ मध्ये गेले. त्याच पावसाळ्यात मागच्या खोलीतल्या कपाटाला वाळवी लागली आणि रजिस्टरांचा भुगा झाला. आम्हाला फार वाटले नाही. सगळे रत्नपालकडे होते.

२००८ मध्ये मोठा सर्व्हर आला. त्या एका यंत्राच्या पोटात रत्नपालने पाच यंत्रे उभी केली. एकात निकाल, एकात हजेरी, एकात ती जुनी रजिस्टरे. ही पाच यंत्रे हाताला लागत नाहीत, पण प्रत्येकाचे काम स्वतंत्र, असे तो शिपाई जळबाला समजावत होता.

"दिसत न्हाई, पर काम करून राहिलं," जळबा म्हणाला. "म्हंजे भूतच की, रत्नपालभाऊ."

"व्हय. पर ही भूतं पगार मागत न्हाईत."

पुढच्या वर्षी त्या सर्व्हरची डिस्क खरखरू लागली. दुसरा सर्व्हर घेतला गेला, आणि रत्नपालने एक योजना मांडली. पाचही यंत्रांचा साठा सर्व्हरच्या पोटात न ठेवता दोन डिस्कच्या वेगळ्या सामाईक पेटीत ठेवायचा. मग एक सर्व्हर बसला तरी दुसरा त्याच पेटीवरून काम उचलेल. पेटी ग्रंथालयात ठेवली, कारण ती दगडी इमारत थंड होती. अंगणातून तार ओढली. पेटीला इन्व्हर्टरवरून वीज दिली आणि त्याचा खटका दाराजवळच्या बोर्डावर आला.

त्या बोर्डाच्या वर माझी सूचना होती. 'जाताना सर्व खटके बंद करावेत.' खाली अध्यक्षांची सही आणि शिक्का. जळबा नऊ वर्षे ती सूचना पाळत आला होता. रोज सहा वाजता तो सगळ्या खोल्यांतून फिरे आणि खटके पाडत जाई. त्याबद्दल मी सभेत त्याचे नावही घेतले होते.

बुधवारी रत्नपाल माझ्याकडे आला. "साहेब, सूचनेत एक वळ वाढवा. पेटीचा खटका सोडून."

"सहीच्या कागदावर हाताने खाडाखोड करता येत नाही. नवी सूचना टाईप करून दे. अध्यक्षांची सही घेऊ."

"तवर खटक्याला चिठ्ठी चिकटवू का?"

"एका भिंतीवर दोन सूचना नकोत," मी म्हणालो.

नवी सूचना अध्यक्षांच्या ट्रेमध्ये गेली. रत्नपालने जळबाला पेटीला हात लावायचा नाही असे बजावले. गुरुवारी आणि शुक्रवारी एकेक यंत्र पेटीत हलवणे चालू होते, म्हणून सहा वाजता तो स्वतःच ग्रंथालयात बसून राहिला.

शनिवारी सकाळी पाचही यंत्रे पेटीवरून चालू लागली. काम पूर्ण झाल्याचा दाखला मला सभेसाठी हवा होता.

"जुन्या डिस्कवर आता काही शिल्लक नाही ना?" मी विचारले.

"हाय, साहेब. पंधरा दिवस राहू द्यावं म्हंतो."

मला ते पटले नाही. आमच्या एका शाळेत एका मुलाची जन्मतारीख दोन रजिस्टरांत वेगवेगळी निघाली होती, आणि संस्थेने तेरा वर्षे कोर्टात काढली होती. तेव्हापासून एकाच नोंदीच्या दोन प्रती मी कुठे राहू दिल्या नव्हत्या. मी म्हणालो, "नोंद एकच असते." त्याने जुनी प्रत पुसली. दाखल्यावर लिहिले, 'जुनी प्रत नष्ट केली.' खाली सही त्याची एकट्याची.

"घरी जा लवकर," मी म्हणालो. "तीन दिवस झाले."

सहा वाजता जळबा ग्रंथालयात गेला. पेटीला त्याने हात लावला नाही. दाराजवळचे सगळे खटके पाडले, कुलूप लावले.

सोमवारी पेटीतल्या दोन डिस्कपैकी एक फिरेना. दुसरीवर जे होते ते कोणत्याच यंत्राला वाचता येईना. लिहिणे चालू असताना वीज गेली होती. पेटी हैदराबादला पाठवली. तशीच परत आली. रजिस्टरे सोडून बाकी सगळे शाळांतल्या कागदांवरून पुन्हा भरले. रजिस्टरांसाठी, रत्नपालने टायपिंगच्या सुरुवातीला काढलेल्या जुन्या सीडी शोधल्या. एक चालली. तिच्यात एका शाळेची पहिली चाळीस पाने होती, आणि ती शाळा गोरेगावची नव्हती.

नव्या सूचनेवर सही होऊन ती मंगळवारी आली. जळबाने ती मला न विचारता भिंतीवर लावली.

चौकशीचा कागद मीच तयार केला. प्रत पुसायला कोणी सांगितले, हा प्रश्न त्यात नव्हता. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे रत्नपालने लिहिली आणि जास्तीचे एक अक्षर लिहिले नाही. त्याला काढले नाही, कारण दुसरा माणूस नव्हता.

त्यानंतर दोन महिन्यांनी गोरेगावहून जीपने जनकाबाई आल्या. नात सपनाच्या जातीच्या दाखल्यासाठी त्यांना सासऱ्यांचा उतारा हवा होता. पूर्वी एकदा नेलेला भिजून गेला होता. रत्नपाल कोऱ्या कागदावर भराभर लिहू लागला. नाव, वल्द, साकिन, निजामी सन फसली १३४६, अनुक्रमांक सत्तावीस. कुठे अडला नाही. कागद माझ्यापुढे ठेवला.

"साहेब, हे बराबर हाय. माह्या आज्याच्या खालचीच वळ."

ते बरोबर होते. पहिला उतारा मीच सही करून दिला होता. अनुक्रमांक मलाही आठवला, आणि मी तसे म्हणालोही.

"कशावरून देतो आहोत, हे लिहावे लागते," मी म्हणालो.

जनकाबाई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होत्या. "तुमी दोघं बी म्हंता व्हतं म्हून. मंग सही कराया काय तकलीफ हाय, सायेब?"

रत्नपालने तो कागद उचलला, चार घड्या करून खिशात घातला आणि संगणकावर जाऊन बसला. दोन ओळींचे पत्र छापून आणले. 'सदर अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाही.' मी सही केली.

"नसल्याचा कागद घिऊन मी काय करू, रत्नपाला?"

"तहसीलात दाखव, काकी. मागतेत."

त्या गेल्या. मी पत्राची नोंद जावक रजिस्टरात करत होतो, तेव्हा त्याने दुसरे पत्र पुढे ठेवले. त्याच दोन ओळी. वर नाव होते रामजी वल्द सटवा, साकिन गोरेगाव.

"माह्या पोरीला लागन पुढं," तो म्हणाला.

मी सही केली आणि जावक क्रमांक टाकला.