पाटकऱ्याची बांधी

मारोतरावची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, तलावाच्या मातीच्या पाळीला लागूनच होती. तुडुमातून, म्हणजे तलावातलं पाणी सोडायच्या तोंडातून, पाट निघायचा तो पहिल्यांदा त्याच्याच धुऱ्याला, शेताच्या बांधाला, घासून जायचा. एवढी मोक्याची जमीन सानगडीच्या त्या भागात दुसऱ्या कोणाला असती, तर तो मिशीला तूप लावून फिरला असता. पण मारोतराव स्वतःच त्या तलावाचा सरकारी पाटकरी होता. पाणी सोडणं आणि ज्याचं त्याला पोचवणं हे त्याचं काम, आणि नेमका त्याचाच धान दर वर्षी वाळायचा.

नोकरीला लागला त्या पहिल्या वर्षी असं नव्हतं. मालगुजाराच्या, जुन्या जमीनदाराच्या, काळापासून पाणी वरून खाली जायचं, तसंच ते त्या वर्षीही गेलं. पहिली बांधी मारोतरावची, म्हणून पहिलं पाणी मारोतरावला. धान कसा कमरेएवढा डौलात उभा राहिला. तेव्हा सानगडीच्या बाजारात, चहाच्या दुकानासमोर, पाटाच्या पार खालच्या टोकाला शेती असलेला परसराम चार लोकांना ऐकू जाईल असं बोलला, "तळे राखील तो पाणी चाखील. का जी, खोटं आहे का?" लोक हसले. झालं! मारोतराव मोठा मानी माणूस, आणि मानी माणसाला लुटायला दरोडेखोर लागत नाही, एक टोमणा पुरतो. दुसऱ्याच दिवशी त्यानं चावडीवर उभं राहून जाहीर केलं, "यापुढं माही बांधी सगळ्यायच्या शेवटी. सगळ्यायचं भागून उरलं तं मी घेईन."

असं कर म्हणून त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण सगळ्यांनी पाठ थोपटली, सगळ्यात जोरात परसरामनं.

आता उरतं कुठं? तलावाचं पाणी आणि लग्नातली बुंदी, शेवटच्या पंगतीला दोन्ही कधी पुरत नाहीत. पोळा झाला की इकडचा पाऊस पाठ फिरवतो, आणि धान पोटरीत येतो तो नेमका तेव्हाच. तेव्हाचं एक पाणी चुकलं की लोंबीत दाणा भरत नाही, नुसता पोचट. मारोतरावच्या घरी बावीस वर्षं पोचटच जास्त आला. बरं, एवढं करून गावानं नाव तरी चांगलं ठेवावं? वरचे म्हणायचे हा खालच्यांना विकला गेला, खालचे म्हणायचे वरच्यांनी याला कोंबडी चारली. पाणी थोडं उशिरा पोचलं की पाटावरून हाक यायची, "ए चोट्ट्या पाटकऱ्या!" मारोतराव खाली मान घालून चालायला लागायचा. सरकारी माणूस. उलट बोलला तर तक्रार भंडाऱ्याच्या हापिसापर्यंत जाणार. त्याची बायको शकुनबाई म्हणायची, यायच्या जिभेले हाड आहे का नाई, देवच जाणे.

त्र्याऐंशी साली पावसानं पोळ्याचीही वाट पाहिली नाही. एका सकाळी मारोतराव पाटानं फिरत आपल्या बांधीपाशी आला, तर शकुनबाई पाटातून बादलीनं पाणी काढून भेगाळलेल्या कोपऱ्यात ओतत होती. गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेलं, कपाळावर घाम. खालच्या धुऱ्यावर दोन माणसं उभी राहून बघत होती.

"शकुन, बंद कर. लोकं पाहून राहिले."

"पाहू द्या. माह्या दारातून पानी चाल्लं अन् माहाच धान मरून राहिला, हे बी पाहू द्या त्यायले."

"आपली पाळी नाई आली."

"बावीस वर्षं नाई आली जी! आता कवा येते, माह्या तेरवीले?" असं म्हणून तिनं बादली पाटात भिरकावली. बादली गोते खात निघाली ती थेट परसरामच्या शेताशी जाऊन अडकली. संध्याकाळी परसरामनं ती घरी आणून दिली, हसत हसत. "वहिनी, पान्यासंगं भांडे बी धाडून राहिल्या का?"

तो गेल्यावर शकुनबाईनं नवऱ्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, "नाई तं नोकरी सोडा, नाई तं थो नियम सोडा. दोनी धरून माह्या पोटावर पाय कायले देता?"

"नियम कसा सोडू? चार लोकायत बोललो मी."

"मंग नोकरी सोडा. पाटकरी नाई तं पाटकऱ्याचा नियम बी नाई."

बाई बरोबर बोलली होती. निवृत्तीला अजून पाच वर्षं होती. आत्ता सोडलं तर पेन्शन कमी बसणार, महिन्याच्या महिन्याला येणारा पगार जाणार. नाही सोडलं तर आणखी पाच वर्षं पाणी वाहून नेणार आणि शिव्या घरी आणणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हापिसातल्या साहेबांना विचारलं, तर ते भले माणूस, म्हणाले, "मारोतराव, तब्येत ठीक आहे, काम चांगलं आहे, मग घाई काहून?" आता साहेबांना काय सांगायचं? मला भांडायचं आहे, म्हणून नोकरी सोडतो? पण खरं तेच होतं. त्याला एकदा, फक्त एकदा, इतर शेतकऱ्यांसारखं पाळीवर उभं राहून ओरडायचं होतं, की माझं पाणी मला द्या.

तो नोकरी सोडायच्या विचारात आहे ही बातमी गावात फुटली आणि घरी माणसं यायला लागली. परसराम आला, सोबत मधल्या शेताचा इश्वर. दोघं खाटेवर टेकले.

"मारोतराव, तुमी गेल्यावर आमचं कसं होईन जी? तुमच्यासारका न्यायी मानूस नाई भेटत," परसराम म्हणाला. इश्वरनंही मान हलवली. "देवमानूस आहा तुमी."

बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणी असं बोललं होतं. मारोतराव विरघळला. चहा झाला, सुपारी झाली, आणि पाहुणे उठले तेव्हा त्याच्या मनात आलं, पाच वर्षं तर आहेत, काढू कशीबशी. शकुनबाईनं कपबश्या गोळा करता करता विचारलं, "न्यायी मानूस पायजे का त्यायले, का तुमच्या वाट्याचं पानी पायजे?"

हे ऐकून त्याला संताप आला, पण तो परसरामचा की आपला, हे काही त्याला समजेना. इतकी वर्षं ज्यांनी चोट्टा म्हटलं, त्यांच्या एका गोड शब्दावर आपण आणखी पाच वर्षं वाळायला तयार झालो! पंधरा दिवसांनी तो भंडाऱ्याला गेला आणि नोकरी सोडायचा अर्ज देऊन आला.

निरोपाला शाल मिळाली, नारळ मिळाला. भाषण परसरामनं केलं. असा पाटकरी पुन्हा होणे नाही, म्हणाला. मारोतरावनं ते ऐकून घेतलं. आता काय, आता तो मोकळा होता.

नवा पाटकरी बाबुलाल. कारध्याचा पोरगा, सरळ स्वभावाचा, या तलावावर अगदी नवखा. पुढच्या हंगामात पाऊस पुन्हा दगा देऊन गेला, आणि पाणी सोडायच्या दिवशी सगळे शेतकरी पाळीवर जमले. मारोतराव खांद्यावर फावडं घेऊन त्यांच्यात जाऊन बसला. नवं धोतर नेसून आला होता बेटा. शकुनबाई खाली धुऱ्यावर उभी होती.

"वरून सुरू करू ना? पहिली बांधी कोनाची?" बाबुलालनं विचारलं.

मारोतराव उठला. पण त्याच्या आधी परसराम बोलला, "मारोतरावची शेवटी. असाच रिवाज आहे इथचा."

"मी आता पाटकरी नाई," मारोतराव म्हणाला.

"तुमी नाई जी. पन बांधी तं तेच आहे ना?"

कोणी हसलं नाही, हेच वाईट होतं. सगळे गंभीरपणे माना हलवत होते. इश्वर समजुतीच्या सुरात म्हणाला, "भाऊ, बावीस वर्षायचा रिवाज कसा मोडता? आमी रोवनी केली थे बी त्याच अंदाजानं. अन् तुमीच तं बोलले होते चावडीवर. आमी म्हनलं होतं का?"

नव्हतं म्हटलं. कोणीच म्हटलं नव्हतं. मारोतरावनं एकेका तोंडाकडे पाहिलं. पगार गेला, पेन्शन अर्धवट आली, आणि हाती काय राहिलं, तर आपल्याच तोंडचं एक वाक्य, तेही आता गावाच्या मालकीचं. बाबुलाल बिचारा गोंधळून म्हणाला, "सगळेच म्हनतेत तं..." आणि तुडूम उघडायला गेला.

मारोतराव ओरडलाच नाही. तो पाळ उतरून खाली गेला. पाटातून गढूळ पाणी फेसाळत आलं, त्याच्या धुऱ्याला घासलं आणि नेहमीसारखं पुढं निघालं. त्यानं फावडं उचललं आणि धुऱ्यावर घातलं. दोन घावांत माती फुटली. पाणी क्षणभर थबकलं, मग वळलं आणि भेगाळलेल्या बांधीत शिरलं. कोरडी जमीन चर्र आवाज करत ते प्यायला लागली.

"चोट्टा!" पाळीवरून परसराम ओरडला. "पानी तोडलं! चोट्टा साला!" मग इश्वर ओरडला, मग सगळेच. माणसं धावत खाली यायला लागली.

बावीस वर्षं ही शिवी मारोतरावनं फुकट खाल्ली होती. आज पहिल्यांदा ती कमाईची होती.

"हो, चोट्टा," तो म्हणाला, आणि ते पोचायच्या आत त्यानं धुऱ्याचं तोंड आणखी हातभर रुंद केलं.