बाग धरली की येतो

वादळानंतरच्या ऑक्टोबरात मी दिवेआगर सोडलं, त्या सकाळी बाबा एसटीपर्यंत पोचवायला आले नाहीत. ते किनाऱ्यावर पाखरं बघत उभे होते. बॅग खांद्याला अडकवून मीच त्यांना शोधत गेलो. ओहोटीच्या ओल्या रेतीवर परीट शेपट्या हलवत तुरुतुरु पळत होते, सुरूच्या शेंड्यावर दोन पिवळेजर्द हळद्या दम खात होते. पावसाळा सरला की ही पाखरं उत्तरेकडून किनाऱ्याकिनाऱ्यानं येतात. त्या वर्षी आमच्या वाडीत त्यांना बसायला एकही पोफळ उभी नव्हती. तरी ती आली.

"पाखरांनी जागा सोडली न्हाय," बाबा म्हणाले. "मी रोपं लावतो. तू कवा येशील?"

पोफळीला सुपारी धरायला पाच-सहा वर्षं जातात, हे वाडीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणूनच मी बेधडक म्हणालो, "बाग धरली की येतो." मला वाटलं, तोवर म्हातारा नाद सोडेल. माझ्यासारखे गाव सोडून गेलात ते तुम्ही, खरं सांगा, असंच काहीतरी कबूल करून सुटला नाहीत का?

पुण्यात कंपनी मिळाली, मग शिफ्ट, मग फ्लॅट, मग मुलीची शाळा. घाट उतरला की चार तासांत घर, पण जाणं सणापुरतंच. दर ऑक्टोबरात मात्र बाबांचा फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही. "परीट आले." आणि लगेच रोपांची उंची. आधी गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी, मग मान वर करून बघावी लागतील एवढी. मी "वा" म्हणायचो आणि विषय बदलायचो. लेकाला बापाची बाग वाढलेली ऐकवत नाही, याची लाज मी कुणाला सांगू?

यंदा फोनवर एकच शब्द आला. "धरली."

मी एकटाच गेलो. सकाळी बाबांनी मला थेट किनाऱ्यावर नेलं. परीट आलेच होते. बाबा भराभरा बोलत होते. आता त्यांच्यानं झाडावर चढवत नाही, तेवढं मी बघायचं, मुलीला इथल्या शाळेत घालायचं. सगळं ठरवून ठेवलं होतं त्यांनी. बघू म्हणावं आणि आणखी एक वर्ष ढकलावं, असं तोंडावर आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून खोटं बोलवेना.

"बाबा, मी नाही येणार."

"कदीच?"

"न्हाय जमायचं."

ते ओरडले असते तर मी पाय धरले असते. ते नुसते "व्हय" म्हणाले आणि घराकडे वळले.

आईनं माझी बॅग नेहमीसारखी माजघरात ठेवली होती. बाबांनी ती उचलली आणि पर्यटकांना देतात त्या पुढच्या खोलीत नेली. पलंगावर धुतलेली चादर घातली, टॉवेल घडी करून ठेवला, त्यावर छोटा साबण. दारात आई पदर तोंडाला लावून उभी होती.

"जेवान किती वाजता लागंल, ते आदी सांगा," ते मला म्हणाले.

रजा चार दिवसांची होती. मी त्याच खोलीत राहिलो. पाणी प्यायला आत जायचं तर हाक मारून जावं का, तेही मला कळेना.