आवाज बंद केलेला व्हिडिओ

भिंतीवर माझा व्हिडिओ चालू होता. समोर खुर्च्यांवर वीसेक आईबाप. पडद्यावर मी आणि माझी चार वर्षांची गौरी, मधे लाल चेंडू. मी तिला म्हणत होते, "दे की माय. कुठं टाकायलीस? हिकडं बघ." मागून कुणीतरी फिसकन हसलं. थेरपी सेंटरच्या मोठ्या मॅडमनी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

"आता बघा," त्या म्हणाल्या. "आईंची भाषा काढली की खेळ छान आहे."

सगळे हसले. वाईट बुद्धीने नाही. घरातल्या कामवालीच्या बोलण्याला हसतात तसे. मीही हसले. तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

आम्ही उदगीरकडचे. लग्न करून पुण्याजवळ काळेवाडीत आले. नवरा महाळुंग्याच्या कारखान्यात, गाड्यांचे पत्रे दाबतात त्या प्रेस शॉपमध्ये. मी निघोज्याच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायची, आठ तास उभ्याने. गौरीला स्वमग्नता आहे असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मी काम सोडलं. रोज पाच तास थेरपी, आठवड्यातले सहा दिवस, आईने शेजारी बसून शिकायचं. जागा मिळायला आठ महिने थांबलो होतो. त्यामुळे तिथे कुणी काहीही म्हटलं की आम्ही मान हलवायचो.

त्या दिवशी मीटिंग संपल्यावर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा दिला. मुलीला पुढे इंग्रजी शाळेत घालायचं, तर तिच्या कानावर एकच स्वच्छ भाषा पडायला हवी, म्हणाल्या. इथे आम्ही इंग्रजी बोलतो, घरी तिचे बाबा आम्ही दिलेले शब्द बोलतील. मी विचारलं, आणि मी? मी खुणा करायच्या होत्या.

"तुम्ही थोडे दिवस गप्प राहिलात तर तिच्यावर उपकार होतील."

मी गप्प राहिले.

गौरी बोलत नाही. डोळ्याला डोळा देत नाही. पण तिची एक सवय होती. मी भाजी निवडत बसले, काहीबाही बडबडत असले, की ती यायची आणि माझ्या गळ्याला कपाळ टेकायची. बोलताना गळ्यात जे घुमतं ते तिला आवडत असावं. मी गप्प झाले त्यानंतरही ती आली. कपाळ टेकलं. थांबली. मग गेली. असं चार-पाच दिवस. त्यानंतर आली नाही.

ती फ्रीजकडे जायला लागली. दाराला कपाळ लावून उभी. फ्रीज घुरघुरत असेपर्यंत थांबायची, बंद पडला की निघून जायची.

मी बघायची. रडू आलं नाही. पोळ्या लाटत राहिले. गावाहून आईचा फोन आला तर नुसतं हं, हं. दुकानात बोट दाखवून वस्तू मागायची. नवरा म्हणाला, तू आजारी आहेस का. मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा मीटिंग. गौरीच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, घरी शांत असते, एकटी रमते, प्रगती चांगली. मॅडमनी मला उभं केलं. नव्या पालकांना तुमचा अनुभव सांगा, म्हणाल्या. नवऱ्याने माझ्याकडून दोन शुद्ध वाक्यं पाठ करून घेतली होती. माइक हातात आला आणि ती वाक्यं सापडेनात.

मी म्हणाले, "मी तीन महिने गप हाय. माझं लेकरू फ्रीजला कपाळ लावून उभारायलंय. त्याला ह्यांनी प्रगती लिहिलंय."

या वेळी कुणी हसलं नाही. मॅडमनी हलकेच माइक काढून घेतला. आई जरा भावनिक झाल्यात, म्हणाल्या. मी भावनिक नव्हते.

दुसऱ्या दिवशी एक फॉर्म आला, पालकांच्या सहकार्याचा. तिसरी ओळ अशी की, आईने घरी सेंटरने ठरवलेलीच भाषा वापरावी. सही नाही केली तर जागा दुसऱ्याला. नवरा म्हणाला, कर सही, एवढ्या मुश्किलीने मिळालीय. तो वाईट नाही. कंपनीत साहेबासमोर तोही आपलं बोलणं गिळतो.

मी पेन घेतलं, तिसरी ओळ खोडली आणि खाली सही केली. फॉर्म मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"ही ओळ मला मान्य न्हाई. रोज येणार. शिकवाल ते शिकणार. घरी माझ्या बोलीत करणार. काढायचं असलं तर कारण लिहून द्या. खाली सही करा."

त्यांनी खोडलेली ओळ वाचली. मग कागद फाइलला लावला.

अजून कुणी काही लिहून दिलेलं नाही. आम्ही रोज दहाला जातो. मी बोलते. बसमध्ये, जिन्यात, सगळ्यांच्या देखत. बायका वळून बघतात. गौरी बोललेली नाही. माझ्या गळ्याशी परत आलेलीही नाही. येईलच असं मी कुणाला सांगत नाही.

ती आली नाही तरी मी बोलणार आहे. माझ्या मुलीच्या भल्यासाठी मी मुकं व्हावं, हे मी एकदा ऐकून घेतलं. पुन्हा ऐकणार नाही.