उजव्या कानातला अभ्यास

रफूचं काम असं, की त्यात डोळे आणि बोटं दोन्ही अडकून पडतात आणि कान मात्र दिवसभर मोकळे राहतात. हा शोध रफूवालीच्या लेकीने लावला. लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. बोलायला लागल्यापासून तिला दुसऱ्यांना शहाणं करून सोडायची हौस, म्हणून घरात तिचं नाव मास्तरीण पडलं होतं. एका रविवारी तिने वही घेऊन आईच्या दिवसाचे चौकोन पाडले, रंगीत पेन्सिलीने भरले, आणि निकाल जाहीर केला.

"आई, रोजचे सहा तास तुझे कान फुकट जातात."

एरवी रफूवालीने हे हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच आठवड्यात शाळेतली एक मैत्रीण कोट घेऊन दुकानात आली होती. ती आता कुठल्याशा शाळेची मुख्याध्यापिका. कोटाच्या बाहीला कसर लागून दोन भोकं पडली होती, ती दाखवता दाखवता तिने दुकानभर नजर फिरवली आणि म्हणाली, "तू अजून इथेच?" बोलण्यात खोच नव्हती, पण तो 'अजून' रफूवालीच्या मनात कुसळासारखा रुतून बसला. दहावीनंतर तिची शाळा सुटली, कारण वडिलांच्या दुकानाला हात हवे होते. मग लग्न, मग नवरा गेला, मग लेकीला घेऊन पुन्हा याच टेबलाशी. सेहेचाळीस वर्षं कुठे गेली, म्हणून कुणी विचारलं असतं, तर तिला दाखवायला काही नव्हतं. रफूचं कसबच मुळी न दिसण्यात.

मास्तरणीने फोनवर एक अभ्यासक्रम शोधून दिला. वेळेचं नियोजन आणि व्यक्तिमत्त्व विकास, नऊ महिने, रोज चाळीस मिनिटांचा धडा, ऐकायचा आणि पुन्हा ऐकायचा. दर महिन्याला परीक्षा, शेवटी प्रमाणपत्र. सोबत तिने आपले जुने इयरफोनही दिले.

अडचण एकच होती, आणि ती डाव्या हाताला स्टुलावर बसलेली असायची.

रफूवालीचे वडील एकोणऐंशी वर्षांचे. साठ वर्षं त्यांनी याच टेबलाशी लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवली आणि त्यात डोळे घालवले. आता त्यांना उजेड कळायचा, माणसाचा आकार कळायचा, बाकी सगळं धुकं. तरी सकाळी दहाला ते जिना उतरून खाली दुकानात यायचे. त्यांना दोन कामं होती. एक, लेकीने केलेला रफू अंगठ्याने तपासणं. कपडा मांडीवर घेऊन ते अंगठा सावकाश फिरवायचे. भोक कुठे होतं ते सापडलं नाही, तर म्हणायचे, "पास." सापडलं, तर कपडा न बोलता परत. दुसरं काम बोलणं. ते पूर्वीपासूनच कामाबरोबर बोलत आले होते. लहानपणी ती शेजारी बसून सुया ओवून द्यायची आणि ते बोलत असायचे. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून धागा कसा चोरायचा, उभा धागा आधी का भरायचा, हे सगळं तिला गप्पांच्या ओघातच येऊन गेलं होतं.

पहिल्या दिवशी तिने ठरवलं होतं, की बाबांना सांगून टाकायचं. पण ते कुठल्याशा जुन्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होते, मध्येच कसं तोडायचं? म्हणून तिने भिंतीकडच्या, म्हणजे उजव्या कानात इयरफोनचं एक बोंडूक घातलं, वरून केस सोडले, आणि म्हटलं, उद्या सांगू. उद्या राहिलं. आठवड्याने सांगायची लाज वाटायला लागली. महिन्याने तर सांगण्यासारखंच राहिलं नाही.

आणि तसं काही बिघडतही नव्हतं. डावा कान बाबांकडे होताच की. थोड्याच दिवसांत तिला त्यांच्या बोलण्याची चाल पाठ झाली. आवाज शेवटी वर गेला, की "हं" म्हणायचं. खाली आला, की "बरं". लांबला, की "मग?" सुई जशी न बघता जागा शोधते, तसे हे शब्द आपोआप आपापल्या जागी पडायचे. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायचं, असं लोक म्हणतात. हिने तर दोन्ही कानांना वेगवेगळ्या कामाला जुंपलं होतं.

अभ्यासाचा फायदा झाला नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. ती अर्धा तास लवकर उठायला लागली. गिऱ्हाइकाला चिठ्ठीवर तारीख लिहून द्यायला लागली आणि ती पाळायला लागली. लाँड्रीवाला दर शनिवारी संध्याकाळी कोटांचा ढीग आणून टाकायचा आणि सोमवारी सकाळी मागायचा. त्याला तिने जन्मात पहिल्यांदा नाही म्हटलं, आणि तो निमूटपणे ढीग परत घेऊन गेला. त्या दिवशी ती आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिली. रोज संध्याकाळी वहीत ती 'आज शिकलेल्या तीन गोष्टी' लिहायची. आधी एकसुद्धा सुचायची नाही, नंतर तीन कमी पडायला लागल्या.

नऊ महिन्यांनी निकाल लागला. शंभरात एक्याण्णव. मास्तरणीने प्रमाणपत्र छापून चौकट करून आणलं आणि दुकानात आरशाशेजारी टांगलं. खिळा ठोकल्याचा आवाज ऐकून बाबांनी विचारलं, काय चाललंय. मग उठून त्यांनी चौकट हाताने चाचपली, काचेवर तळवा ठेवला आणि म्हणाले, शाब्बास. पण अभ्यास केलास कधी? मी तर दिवसभर इथेच असतो, मला पत्ताही नाही.

"वेळ काढला तिने, आजोबा," मास्तरीण कौतुकाने म्हणाली. "इच्छा असली की निघतो."

रफूवालीने मान खाली घालून सुई ओवायला घेतली. धागा तीनदा चुकला.

त्याच्या पुढच्या सोमवारी अकरा वाजले तरी बाबा खाली आले नाहीत, म्हणून ती वर गेली. ते पलंगावर बसले होते. शेजारी उघडी बॅग. त्यात घडी केलेले सदरे, दाढीचं सामान, आणि सगळ्यात वर त्यांची सुयांची जुनी डबी. सुईला नेढं असतं हेही ज्यांना आता दिसत नव्हतं, त्यांनी ती डबी घेतली होती.

कुठे निघालात, तिने विचारलं.

"धाकट्याकडे. बुधवारी येतोय तो न्यायला," बाबा म्हणाले. "आपलं ठरलं नव्हतं का मागच्या महिन्यात?"

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. दोन तासांच्या अंतरावर राहायचा, तिसऱ्या मजल्यावर. त्याच्याकडे बाबा चार दिवसांपेक्षा जास्त कधी टिकले नव्हते. काय ठरलं होतं, असं तिने अगदी हळू विचारलं.

बाबांनी सांगितलं. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. कपड्यात किती धागे गेलेत ते सांगावं, तसं सांगितलं. तुझी उत्तरं हल्ली आखूड झाली होती, म्हणून विचारलं मी, म्हणाले. माझी अडचण होते का गं तुला दुकानात? तू म्हणालीस, हं. मला वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली, म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा हं. मग म्हटलं, धाकट्याकडे जाऊन राहतो. तर तू म्हणालीस, बरं.

रफूवालीला तो दिवस आठवेना, ते बोलणं आठवेना. आठवला तो त्या महिन्याचा एक धडा, नको त्या गोष्टींना नकार कसा द्यावा, मुद्दे पाच. पाचही तिला पाठ होते.

"बाबा, त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं," ती म्हणाली. तेवढ्यावर भागेल, अशी तिला आशा होती.

"असेल," बाबा म्हणाले. "पण लक्ष नसतानाच मनातलं बाहेर येतं. त्यात तुझं काही चुकलं नाही. म्हातारं माणूस दिवसभर कानाशी भुणभुण करतं, कंटाळा यायचाच." आणि त्यांनी चाचपडत बॅगेची चेन लावली.

ती खाली येऊन टेबलाशी बसली. समोर पँट होती, गुडघ्याशी फाटलेली. गप्प राहिलं, तर बाबा जाणार, आणि आपण लेकीला नकोसे झालो ही गाठ मनात बांधून जाणार. खरं सांगितलं, तर त्यांना कळणार, की नऊ महिने ते भिंतीशी बोलत होते, आणि भिंत मध्ये मध्ये हं म्हणत होती. मोठ्या भोकावर 'लक्ष नव्हतं' एवढं लहान ठिगळ लावून बघितलंच होतं, ते टिकलं नाही. तासाभरात पँटला एक टाकाही पडला नाही. मग ती उठली, इयरफोन घेऊन वर गेली आणि तो गुंता तिने बाबांच्या तळहातावर ठेवला.

बाबांनी अंगठ्याने बोंडूक चाचपलं, वायर शेवटपर्यंत नेली. "हे काय?"

तिने सांगितलं. एकदा सुरुवात झाल्यावर सगळंच सांगितलं, मैत्रिणीचा 'अजून'सुद्धा. बाबा ऐकत राहिले. ते खरोखरच ऐकत होते, आणि तेवढ्यानेही तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"किती दिवस?"

"नऊ महिने."

"रोज?"

"रविवार सोडून."

बाबांनी मान हलवली. रविवारी दुकान बंद असायचं. मग त्यांनी विचारलं, चष्मेवाल्याच्या कोटाचं सांगितलं होतं, ते ऐकलंस? तिने सांगितलं, अर्धं ऐकलं. "ते नसतं ऐकलंस तरी चाललं असतं," ते म्हणाले, आणि त्यांच्या ओठांची कड जराशी हलली. मग आवाज खाली गेला.

"आणि तुझ्या आईचं?"

"नाही, बाबा."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचा दरवाजा ठोठावून निघून गेलं.

"काय होतं आईचं? पुन्हा सांगा ना," ती म्हणाली. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. आईचं नाव काढलं, की बाबा विषय बदलायचे, हे तिने चाळीस वर्षं पाहिलं होतं.

"ते एकदाच सांगण्यासारखं होतं गं," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं धीर गोळा केला, तेव्हा कुठे एका दुपारी जमलं. आता पुन्हा नाही जमायचं."

मंगळवारी सकाळीच धाकट्याला त्यांनी फोनवर परतवलं. अडचण होत नसेल तर कशाला येऊ, तुझ्याकडे जिने फार, एवढंच त्याला सांगितलं. बाकीचं काही सांगितलं नाही, आणि याचाही रफूवालीला भार वाटला. दहाला ते खाली आले, स्टुलावर बसले, कपडे तपासले. बोलले नाहीत. चार दिवस दुकानात कात्रीचा आवाज, नळाचा आवाज आणि घड्याळ, एवढंच होतं. रोज सहा तास कान मोकळे असतात म्हणजे किती, ते तिला त्या चार दिवसांत कळलं. वहीतलं 'आज शिकलेल्या तीन गोष्टी'चं पान कोरं राहिलं.

सगळं कळल्यावर मास्तरीण आधी रडली. नंतर म्हणाली, पण आई, तू जे शिकलीस ते काही खोटं नाही ना? नाही, खोटं नाही, रफूवाली म्हणाली. तेच तर. मग मास्तरणीने तोडगा काढला, वेळापत्रकात चार ते पाच 'आजोबा' असा चौकोन घालू. आईने तिच्याकडे नुसतं बघितलं. मास्तरणीने पेन्सिल खाली ठेवली. पुढचा अभ्यासक्रम मात्र रफूवालीने सोडला नाही. तो ती पहाटे ऐकते, वरच्या खोलीत, बाबा उठायच्या आधी.

पाचव्या दिवशी दुपारी बाबांनी घसा खाकरला. ती हातातलं काम थांबवून वाट बघत राहिली. त्यांनी हात पुढे केला, तिचा डावा कान चाचपला आणि म्हणाले, "दुसरा."

तिने खुर्ची वळवली, केस मागे घेतले आणि मान खाली केली. बाबांनी उजव्या कानावरून अंगठा फिरवला. पाळी, कड, मागची बाजू, एखादा महागाचा कोट तपासावा तसा सावकाश. मग हात मागे घेऊन बोलायला लागले, एका लोकरीच्या शालीबद्दल, जी कुणी पुन्हा न्यायलाच आलं नाही.

आता ते रोजचंच झालं आहे. ती केस वर बांधते. ते बोलणार असं दिसलं, की आपणच खुर्ची वळवते आणि मान पुढे करते. इयरफोन वरच्या खोलीत खणात असतात, हे तिने त्यांना सांगितलेलं आहे. तरी अंगठा फिरतो, आणि ती फिरू देते. कधीतरी ओघात आईचं नाव निघेल, म्हणून ती शालींच्या, कोटांच्या, लाँड्रीवाल्यांच्या सगळ्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकते. कान चाचपून झाला, की बाबा बोलायला लागतात. पास, असं मात्र ते अजून म्हणालेले नाहीत.