परकार मॅडमचं गार पाणी

परकार मॅडम समोर आलेल्या पाण्यात आधी बोट बुडवायच्या, मग ते हात धुण्याचं का असेना. शारजाजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या मोटारींच्या भागांवर क्रोमियमचा मुलामा चढतो. तो चढवून घेणाऱ्या आणि तपासणाऱ्याही या रत्नागिरीच्या बाईच. "काम माझं आहे, म्हणून तर जास्त संशय," असं त्या म्हणायच्या.

त्यांचं आमच्याकडचं शेवटचं काम म्हणजे ऑगस्टमध्ये आलेली एक म्हातारी मोटार. शारजाच्या एका आजोबांना तिच्यातून नातवंडांना फिरवायचं होतं. स्टिअरिंगची मूळ पिन झिजलेली, आणि तशी दुसरी मिळणं अशक्य, म्हणून तिच्यावरच मुलामा चढवून झीज भरून काढली. तिच्यावरच्या मुलाम्याचं सालपट निघालं तर पिन अडकणार, चालत्या गाडीचं चाक वळणार नाही. म्हणून पिनेसोबतच मुलामा दिलेला पोलादाचा एक तुकडा आम्ही तापवून पाण्यात बुडवला. मुलामा कच्चा असला, की या झटक्यानं फुगतो. आमचा जसाच्या तसा चकचकीत! साहेब म्हणाले, "खलास, पास. यल्ला, चला, गाडी जोडा." मीही टाळ्या पिटल्या.

मॅडमनी बादलीत बोट घातलं.

"हे नळाचं पाणी? उन्हाळ्यात इथे नळाला कढत पाणी येतं, म्हणून घरी आंघोळीला बंद गीझरमधलं निवलेलं पाणी घेता ना? मग या तुकड्याला झटका बसला कुठे?"

आजोबा ऑफिसात वाट बघत होते. साहेबांनी आवाज चढवला, पण मॅडम तोवर कॅन्टीनमधून बर्फ घेऊन आल्या होत्या. पाणी हवं तेवढं गार झाल्यावर तोच तुकडा पुन्हा तापवून बुडवला, आणि त्यावर टरारून फोड आले. मॅडम मात्र खूश. "बघ, सापडलं!" म्हणाल्या, आणि आजोबांना स्वतः जाऊन सांगून आल्या, की चूक माझी, पुन्हा करते.

मुलामा उतरवताना पिन आणखी झिजण्याची भीती होती. मॅडम टाकीपाशी उभ्याच राहिल्या. पहिल्या वेळी मुलाम्याआधी तेल नीट निघालं नव्हतं, म्हणूनच फोड आले होते; या वेळी पिन आणि नवा तुकडा त्यांनी स्वतःच्या हातानं साफ केला. तो तुकडा गार पाण्यातून स्वच्छ बाहेर आला तेव्हा मी अक्षरशः नाचलो.

गाडी निघाली. मागच्या सीटवरची नात ओरडत होती, "फास्टर, फास्टर!" साहेब फोटो काढण्यात दंग होते. मॅडमची नजर पुढच्या चाकावर होती. गेटपाशी ते अलगद वळलं, आणि त्यांनी कितीतरी वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

"आता म्हण इन्शाल्ला," त्या म्हणाल्या. "आपल्या हातात होतं ते करून झालं."