डॉक्टर काय म्हणाले

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आईला ठाऊक नाही, बाबांना नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्या माधवदादाला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा—नको, कारणं शोधायला लागले की मी भलतीकडेच जाते. लिहायला बसते, उठते, खिडकीशी जाऊन येते, परत बसते. सरळ सांगायला हवं. सांगता येतं का, बघते.

कॉलेजात जाणारी मी आमच्या घरातली पहिली. बाबा गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनारांचं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. विट्याकडची आमची माणसं या कामासाठी कुठे कुठे पांगली, तसे बाबा लग्नाआधीच कलकत्त्याला आले. भट्टी बहूबाजारात, आणि आम्ही राहायला बागबाजारात, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर. दोन खोल्या. पावसाळ्यात भिंतींना ओल यायची ती थंडीपर्यंत वाळायची नाही. ऊन हवं असेल तर जिना चढून गच्चीवर जायचं. गच्चीवरून गंगा दिसायची.

या जिन्याबद्दलच सांगायचं आहे मला. पण आधी आत्याबद्दल.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. गावाकडे एकटीच असायची. तिची डावी बाजू गेली तेव्हा बाबा जाऊन तिला इकडे घेऊन आले. कलकत्त्यात मोठे डॉक्टर आहेत, बरी होईल, असं त्यांना वाटलं. तिचा एकुलता एक मुलगा, माधवदादा, भिलाईला कारखान्यात होता. त्याला राहायला क्वार्टर होतं, पण तिसऱ्या मजल्यावर. तो आला, आत्याच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "आई, तू जिना चढाया लागलीस की त्याच दिवशी तुला नेतो बघ." त्याचा मुलगा तेव्हा नुकता चालायला लागला होता. आत्याने नातवाला अजून पाहिलं नव्हतं.

तुम्हाला हे कळेल की नाही, ठाऊक नाही. आमच्याकडच्या बाईने आजारी होऊन माहेरी पडून राहणं, भावजयीकडून अंग पुसून घेणं, म्हणजे तिला रोज मेल्यासारखं होतं. आत्या बोलायची नाही. पण आईने ताट आणून ठेवलं की तिची मान खाली जायची. "लेकाच्या दारात काय बी चालतंय," एवढंच एकदा म्हणाली.

दादाने तिच्यासाठी एक आया ठेवली होती. पैसे तो पाठवायचा. आया बंगाली, बिचारी चांगली होती. पण आत्याला तिचं बोलणं कळेना आणि तिला आत्याचं. आत्या पाणी मागायची, ती उशी सरळ करून द्यायची. शेवटी आत्याने तिच्या हातचं जेवायचंच सोडलं आणि आया चिडून निघून गेली. तेव्हा मी म्हणाले—मीच म्हणाले, कुणी सुचवलं नव्हतं—की आयेचे पैसे मला द्या, मी करते आत्याचं.

बाबांना ते अजिबात आवडलं नाही. "घरच्या माणसाचं करायचं आन् पैसं घ्यायचं? लोक काय म्हणतील?"

आई पोळ्या लाटत होती. तिने मान वर न करता विचारलं, "लोक येणार हाईत का वन्संचं अंग पुसाया?"

दादा तेव्हा आत्याला बघायला आला होता. तो मात्र हसला. "घे गं शाले. तुझ्या कॉलेजला तरी लागतील."

लागणारच होते. सोन्यावर सरकारी बंधनं आल्यापासून बाबांची भट्टी रोज पेटत नव्हती. माझं शिक्षण त्या वर्षी थांबणारच होतं. बाबा तसं म्हणाले नव्हते, पण एका स्थळाबद्दल घरात हळू आवाजात बोलणं सुरू झालं होतं. मुलींचं कॉलेज सकाळचं असायचं. दुपारच्या आत मी घरी यायची आणि मग संध्याकाळपर्यंत आत्या माझी. तिला न्हाऊ घालायचं, तेल चोळायचं, डॉक्टरांनी दाखवलेले हातापायाचे व्यायाम करून घ्यायचे. मी मन लावून केलं. हे खरं आहे, आणि हे लिहिताना मला लाज वाटते आहे, कारण यापुढचं जे आहे ते ऐकून तुम्हाला वाटेल की मी आधीपासूनच तशी होते. मी तशी नव्हते. निदान मला तसं वाटतं. तिचा पाय पहिल्यांदा आपणहून हलला तेव्हा मी अंगणात ओरडत गेले होते.

पाय सुधारत गेला. भिंतीला धरून ती उभी राहू लागली, मग काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालू लागली. ज्या दिवशी मी—

थांबा, एक सांगायचं राहिलं. डॉक्टर बंगाली होते. ते बंगालीत बोलायचे, मध्येच इंग्रजीत. बाबांचं बंगाली बाजारापुरतं, आईचं भाजीवालीपुरतं. आत्याला तर मराठीखेरीज काहीच कळत नव्हतं. म्हणून डॉक्टर बोलायचे माझ्याशी, आणि मी ते घरात सांगायची. शिकलेली मी. मी सांगेन ते डॉक्टरांचं. याचा मला केवढा अभिमान होता!

त्या दिवशी डॉक्टरांनी आत्याला चालवून पाहिलं. खूश झाले. आत्याला ते माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायचे. मला म्हणाले, "माशीमांना आता जिन्यावर घेऊन जा. उद्यापासूनच. रोज दोन-चार पायऱ्या, कठडा धरून. भीती वाटेल, पण सोडायचं नाही. आत्ता केलं तर चढतील. पाय आखडून बसला तर मग कठीण." आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. डॉक्टर हसताहेत म्हणजे काहीतरी चांगलं आहे, एवढं तिला कळलं होतं. तिने माझा पदर ओढला. "काय म्हनलं गं डाक्टर?"

आणि मी म्हणाले, "तब्येत छान आहे म्हणतात. पण जिन्याचं नाव अजून काढायचं नाही."

असं का म्हणाले? मी ठरवून गेले नव्हते. त्या आठवड्यात परीक्षेची फी भरायची होती, हे खरं. आत्या भिलाईला गेली की दादाचे पैसे थांबणार, हेही खरं. पण हे सगळं मनात जुळवून मग मी बोलले असं झालं नाही. तोंडातून वाक्य आलं आणि मग मी त्याच्या मागे मागे गेले. फक्त परीक्षेपर्यंत, असं स्वतःला सांगितलं. परीक्षा झाली की सांगायचं, आता डॉक्टर म्हणतात चढा.

पण नक्षलवाद्यांचे ते दिवस तुम्हाला आठवत असतील तर—कसली परीक्षा आणि कसलं काय. भिंती घोषणांनी भरलेल्या, कॉलेज कधी उघडं, कधी बंद, कुठे बॉम्ब फुटला की ट्राम थांबायची आणि आम्ही मुली वह्या छातीशी धरून चालत घरी यायचो. परीक्षा पुढे गेली. पुन्हा पुढे गेली. आणि माझं खोटं तिच्याबरोबर पुढे गेलं.

एक खोटं एका जागी बसून राहत नाही. महिन्याने डॉक्टरांनी विचारलं, जिना किती झाला? मी म्हणाले, त्या घाबरतात, ऐकत नाहीत. डॉक्टर रागावले. आत्याकडे वळून तिला बंगालीत चांगलंच सुनावलं—स्वतःच्या पायावर दया करा माशीमा, ही मुलगी एवढी झटते आहे, तुम्हीही जरा हिंमत धरा. आत्याला एक शब्द कळला नाही. डॉक्टर एवढं आपल्याशी बोलताहेत म्हणून ती हसली, आणि चांगल्या हाताने बिचाऱ्या वाकड्या हाताला उचलून तिने त्यांना नमस्कार केला.

मी तिथे उभी होते.

इथे थांबता आलं असतं मला. खोटं बोलले, हे सांगून झालं. पण मी ज्यासाठी बसले आहे ते हे नाही. हे त्यामानाने—तुम्ही म्हणाल, पोरवय, गरज. ते नाही. ते पुढे आहे.

थंडी सुरू झाली होती. मी कॉलेजातून आले तर खोलीत आत्या नाही. आई शेजारणीकडे गेली होती. मी घाबरून बाहेर आले, आणि बघते तर आत्या जिन्यावर. जिना वळतो तिथपर्यंत गेली होती. एका हाताने कठडा धरलेला, काठी खाली पडलेली, पदर घसरलेला, कपाळावर घाम. वरून गच्चीच्या दारातून ऊन तिच्या पायांपर्यंत आलं होतं. मला बघून ती हसली. तोंड वाकडं झालेलं असल्यामुळे ती एरवी मोकळं हसायची नाही, पण त्या दिवशी लहान पोरीसारखी हसली.

"बघ गं शाले! आले का न्हाई? कुनी बी धरलं न्हाई मला! आता वरचं ऊन खाऊनच येते."

ती चढली होती. कुणीही शिकवलेलं नसताना, डॉक्टरांनी मनाई केली आहे असं समजत असताना, मनातली सगळी भीती घेऊन ती एकटी चढली होती. नातवासाठी. मला त्या क्षणी काय व्हायला हवं होतं? आनंद? लाज? काहीतरी?

मला राग आला. खरा राग. मी धावत वर गेले, तिचा दंड धरला आणि ओरडले, "पडली असतीस तर? कुणाला विचारून चढलीस? पुन्हा झटका आला म्हणजे? डॉक्टर माझ्या नावाने ओरडतील! मी नाही करणार मग तुझं, सांगून ठेवते!"

तिचं हसू कसं गेलं ते मी सांगू शकत नाही. "न्हाई गं बाय, न्हाई चढत," म्हणाली. "तू चिडू नगंस." आणि मी तिला एकेक पायरी खाली आणलं. एकेक पायरी. ती जे चढली होती ते सगळं मी माझ्या हाताने उतरवलं. खाली आल्यावर ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली. मी तिला चहा करून दिला. चहा चांगला झाला का, असंही विचारलं.

त्यानंतर ती जिन्याकडे गेली नाही. व्यायाम करतानाही पायाला भीती बसल्यासारखं करायची. पुढच्या दुर्गापूजेच्या सुट्टीत दादा आला. क्वार्टरमध्ये आईसाठी खाटसुद्धा आणून ठेवली आहे म्हणाला. जिन्याखाली तिला उभं करून म्हणाला, "चढ बघू, आई." आत्याने माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागितल्यासारखं. मी म्हणाले, "डॉक्टर नको म्हणतात, दादा." दादाने मान हलवली. जाताना मला म्हणाला, "तू हाईस म्हणून मी तिकडं निवांत झोपतो." आणि पैसे थोडे वाढवून दिले. मी घेतले.

माझी परीक्षा अखेर झाली. पास झाले. बाबांनी गल्लीभर संदेश मिठाई वाटली. काही महिन्यांनी एका कचेरीत नोकरी लागली, आणि मला दादाच्या पैशांची गरज राहिली नाही. आत्या आमच्याकडेच राहिली. पुढे दोन पावसाळे काढून, त्याच ओल्या खोलीत गेली. भिलाई तिने पाहिली नाही. नातवाला तिने एकदाच पाहिलं, तेही इथे, आणि तो तिला घाबरून रडला. आमच्या नात्यात अजून कुणी म्हणतं, आत्याचं शालनने केलं तसं पोटची पोर करणार नाही.

पण नोकरी लागली त्या आठवड्याबद्दल सांगायचं आहे. मी आत्याला म्हणाले, आता डॉक्टर म्हणतात, जिना सुरू करायला हरकत नाही. ती काठी घेऊन उठली. मी तिला जिन्यापाशी नेलं. तिने कठडा धरला, चांगला पाय वर ठेवला, आणि दुसरा ओढायला लागली. तो आला नाही. गुडघा लाकडासारखा झाला होता. पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तिचं सगळं अंग थरथरायला लागलं आणि ती पहिल्याच पायरीवर बसली.

मग माझा हात तिने हातात घेतला.

"शाले, तू येवढं केलंस गं माझं. शिकायचं सोडून माझं पाय चेपलंस. माझ्याच अंगात न्हवतं. तुझ्या कष्टाची माती केली मी." आणि मग, माझ्याकडे न बघता: "माझ्यावर राग धरू नगंस."

तिला रडू आलं होतं. मी तिच्या शेजारी बसले, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाले, "नाही गं आत्या. नाही धरला राग."