नापासाची साखर

आमच्या शाळेत दहावीच्या निकालादिवशी साखर आधी नापास झालेल्यांना मिळायची, पास झालेल्यांना नंतर. ही पद्धत अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी पाडलेली. बिदरजवळच्या कमठाण्याच्या पुढे आमचं गाव, गावात मराठी शाळा, आणि अप्पा तिचे हेडमास्तर. पास झालेल्याच्या घरी त्या दिवशी गोडधोड होतंच, नापास झालेल्याच्या पाठीत मात्र धपाटे बसतात, म्हणून त्याचं तोंड शाळेनं आधी गोड करायचं, असं त्यांचं म्हणणं. पितळेचा डबा काखेत धरून ते ओळीनं जायचे, पोराच्या तळहातावर साखर ठेवायचे आणि म्हणायचे, "ऑक्टोबरला परत बस. उद्यापासून संध्याकाळी माझ्याकडे ये." गावातले लोक थट्टा करायचे, "मास्तर, तुमच्या शाळंत नापास झाल्यालंच बरं की!" अप्पा हसायचे नाहीत. ते एरवीही फारसे हसत नसत.

साखर वाटून झाली की पास झालेल्यांनी नववीच्या मुलांना चार शब्द सांगायचे. आम्ही व्हरांड्यात मांडी घालून बसायचो आणि कालपर्यंत आमच्याबरोबर चिंचा पाडणारी ही मंडळी गुलालानं माखून एकदम शहाणी झालेली असायची. एकानं सांगितलं होतं, "गणित पाठ करा, समजून घ्यायच्या नादी लागू नका." तेव्हा अप्पांनी, गणित तेच शिकवायचे, भर कार्यक्रमात त्याचा कान धरला होता. एक मुलगी म्हणाली होती, "कन्नडच्या पेपरला भिऊ नका. घरी अव्वाशी कन्नडात भांडत जा, आपोआप येतंय." हा सल्ला मात्र खरा होता. आम्ही बसवण्णांना मानणारी, आईला अव्वा म्हणणारी माणसं, घरात निम्मं मराठी निम्मं कन्नड, आणि भांडण सगळं कन्नडात.

माझा भाऊ माझ्या एक वर्ग पुढे होता. मी त्याला अण्णा म्हणायची. अण्णाला सगळं यायचं, फक्त त्याला जे यावं असं अप्पांना वाटे ते सोडून. सायकल उघडून परत जोडायचा, तोंडानं शीळ घालून बाजारातल्या बायकांना मागे बघायला लावायचा, आणि अप्पांची नक्कल तर अशी करायचा, की अव्वा पदर तोंडात कोंबून आत पळायची. शाळेत त्याला बापाला "सर" म्हणावं लागे. वर्गात कुणीही दंगा केला तरी पहिली छडी त्यालाच. हेडमास्तरानं पोराला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून अप्पांनी त्याच्या बाबतीत माप कधी सरळसुद्धा धरलं नाही. जेवताना घास तोंडात असला की सूत्र विचारायचे. घास गिळून उत्तर द्यावं तर उशीर झाला म्हणून ओरडा, आणि घासासकट द्यावं तर उष्ट्या तोंडानं बोलतोस म्हणून. मला ते बघून जेवण जात नसे.

दहावीच्या वर्षी मात्र तो जिद्दीनं बसला. परीक्षा संपल्यावर विहिरीच्या काठावर त्यानं मला त्याचं भाषणही म्हणून दाखवलं. पास झाल्यावर नववीला काय सांगायचं ते त्यानं ठरवूनच ठेवलं होतं. अप्पांसारखे हात मागे बांधले, घसा खाकरला आणि म्हणाला, "मुलांनो, माझा एकच उपदेश आहे. हेडमास्तराच्या पोटी जन्माला येऊ नका." मी हसून हसून लोळले. मग तो जवळ बसला आणि हळूच म्हणाला, "गणिताचा पेपर बरा गेलाय गं. अप्पाला सांगू नको, म्हणतील लई शहाणा झालाय."

म्हैसूर राज्याचं नाव बदलून नुकतंच कर्नाटक झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. निकाल पेपरात छापून यायचा आणि पेपर बिदरहून सकाळच्या बसनं. त्या दिवशी कंडक्टर बसमधूनच ओरडला, "मास्टरसाब, रिझल्ट आ गया! मिठाई निकालो!" अप्पांनी कधी नव्हे ते चष्मा दोनदा पुसला. ओट्यावर उभे राहून त्यांनी नंबर वाचले. फर्स्ट क्लास, मग सेकंड क्लास, मग नुसते पास. ज्याचा नंबर निघे तो उडी मारी, हलगीवाला थाप देई. अण्णाचा नंबर आला नाही. अप्पांनी यादी पुन्हा वाचली नाही. पेपरची घडी घातली आणि खिशात ठेवली.

अण्णा पुढे झाला. "सर," म्हणाला, मग थांबून म्हणाला, "अप्पा, बिदरला दुसरा पेपर बघून येऊ का? यात चुकून ऱ्हायला असंल."

"छापल्यालं खोटं असतंय व्हय? खोटं ते तुझं असतंय," अप्पा म्हणाले. शाळेच्या आवारात ते कधी घरच्या बोलीत बोलत नसत. तेवढ्यावरून मला कळलं की ते किती रागावले आहेत.

मग साखर निघाली. नापास झालेली तीन मुलं ओळीत उभी होती आणि त्यांच्या शेवटी अण्णा. अप्पा पहिल्यापाशी गेले, साखर ठेवली, ऑक्टोबरला परत बस म्हणाले. दुसऱ्यापाशी गेले. तिसऱ्यापाशी गेले. अण्णानं हात पुढे केलेला होता. अप्पांनी डब्याला झाकण लावलं आणि ते पास झालेल्यांच्या ओळीकडे वळले.

सगळ्यांनी बघितलं. हलगीवाल्यानंही थाप थांबवली. अण्णाचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यानं तो सदऱ्याला पुसला. त्या हातात पुसायला काही नव्हतं. आज इतक्या वर्षांनी लिहिताना माझा जीव तिथेच अडकतो. नापास होण्याचं दुःख नव्हे ते. शाळेतल्या कुणाच्याही पोराला मिळते ती साखर त्याला मिळाली नाही, कारण तो आमच्या घरचा होता.

पुढचा कार्यक्रम रीतसर झाला. भाषणं झाली, गुलाल उडाला, अण्णानं पाहुण्यांना पाणी दिलं. दुपारच्या बसकडे तो जाताना मी मागे पळत गेले. "कुटं जायलास?" म्हटलं. म्हणाला, "दुसरा पेपर बघून येतो. तू कामून रडायलीस? जा घरी." बस सुटली. मी घरी येऊन अव्वाला सांगितलं. ती म्हणाली, भूक लागली की येईल.

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी अप्पा बिदरला गेले, मग गुलबर्ग्याला, मग सोलापूरला आमच्या मावशीकडे. ज्याला त्याला विचारत फिरले. बिदरच्या स्टँडवरच्या एका पेपरवाल्याला आठवत होतं, की एक पोरगा निकाल बघायला आला होता. त्याच्याकडेही तोच पेपर होता, दुसरा नव्हता. पोरगा कुठल्या बसमध्ये बसला ते त्यानं पाहिलं नव्हतं.

आठवडाभरानं शाळेत बोर्डाकडून गुणांचा तक्ता आला. अप्पा भर दुपारी घरी आले. शाळा सोडून मधेच घरी येणारा हा माणूस नव्हे, म्हणून अव्वा चुलीपासून उठून धावत दारात आली. तिला वाटलं, सापडला. अप्पा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, चप्पलही काढली नाही. "सेकंड क्लास हाय," म्हणाले. "गणितात शाळंत पयला हाय. पेपरात नंबर गळाला हुता."

अव्वा रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "आन् खरंच नापास झाला असता, तर साखर द्यायची न्हाई व्हय?"

अप्पा आत न येताच शाळेकडे परत वळले. मलाही त्या दिवशी त्यांची दया आली नाही, हे मी स्पष्टच लिहिते. वर्षभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. ते जेवताना सूत्र विचारायचे थांबले होते. ताटाकडे बघत मुकाट जेवायचे आणि दारात पाऊल वाजलं की हातातला घास खाली ठेवायचे.

पुढच्या वर्षी दहावीला मी होते आणि शाळेत पहिली आले. त्या दिवशी अप्पांनी दोन वेगवेगळे पेपर मागवले आणि प्रत्येक नंबर दोन्हींत बघितला. नापास झालेल्यांना साखर दिली. माझ्यासमोर आले तेव्हा मी हात पुढे केला नाही. त्यांनी माझ्या वाटची साखर शेजारच्या मुलीच्या हातावर ठेवली.

मग पहिली आलेली म्हणून मला बोलायला उभं केलं. काय बोलायचं ते मी वर्षभर ठरवून ठेवलं होतं. अण्णाचं वाक्य. मुलांनो, हेडमास्तराच्या पोटी जन्माला येऊ नका. सगळ्या गावासमोर ते म्हणायचं आणि अप्पांच्या तोंडाकडे बघायचं. मी हात मागे बांधले, अगदी त्याच्यासारखे, आणि तोंड उघडलं. आठवला तो विहिरीच्या काठावर खोटाखोटा घसा खाकरणारा अण्णा. मला हुंदका फुटला.

अप्पा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. डबा अजून काखेतच होता. नववीच्या मुलांकडे बघून ते बोलले, आणि शाळेतली पुस्तकी मराठी त्यांच्या तोंडी आली नाही.

"पोरांनो, पुढल्या वर्सी तुमचा निकाल काय बी लागू द्या. दिवस बुडायच्या आत घरी जावा. बापानं साखर दिली न्हाई तरी जावा. बाप चुकायलाय म्हणा, पण घरी जावा."

टाळ्या वाजवाव्यात की नाहीत ते कुणाला कळलं नाही. मी त्यांच्या काखेतला डबा काढून घेतला. तो हातात घेतल्यावर वर्षभराचा माझा राग संपला असं नाही. पण तो माझ्या एकटीचा राहिला नाही, त्यांचाही स्वतःवर तेवढाच होता हे दिसलं.

निवृत्त होईपर्यंत अप्पांनी दर वर्षी तेवढंच सांगितलं. बाकी कुणाला उपदेश करू दिला नाही. अण्णाची खबर आजवर नाही. मी आता बिदरच्या मैलूर भागात राहते. त्या शाळेतली माणसं बाजारात भेटतात, नातवंडं झालेली, काही तर दोनदा नापास झालेली, आणि सांगतात, "सरांचं आईकलं आन् घरी गेलो. मार खाल्ला, पण गेलो." अप्पा हेडमास्तर होते तोवर निकालादिवशी त्या शाळेतलं एकही पोर पुन्हा घर चुकलं नाही. सगळी दिवस बुडायच्या आत घरी गेली. ज्याला ते ऐकायला हवं होतं तो मात्र एक वर्ष आधी पास होऊन गेला होता.